गोळी आधी, कारण चाळीस वर्षांनी

ग्लिमेपिराइडची गोळी बीडच्या कुठल्याही मेडिकलवर मिळते. कदाचित तुमच्या आजीच्या डब्यातही असेल. पण या गोळ्यांच्या घराण्याचा इतिहास सुरू होतो टायफॉइडपासून.

1942, फ्रान्समधलं माँपेलिए. मार्सेल जानबाँ टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देऊन बघत होते. काहींची साखर इतकी उतरली की ते दगावले. मग ओग्युस्त लुबातिएर यांनी तेच औषध कुत्र्यांना दिलं. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यात साखर हलेना! म्हणजे काम स्वादुपिंडातूनच होतं. पण कसं? ते नीट कळायच्या आधीच गोळ्या बाजारात आल्या.

1984 मध्ये कुक आणि हेल्स यांना बीटा पेशीच्या आवरणात एटीपीमुळे मिटणारी पोटॅशियमची वाहिनी सापडली. ग्लुकोज वापरलं गेलं की पेशीत एटीपी वाढतं, वाहिनी मिटते, पोटॅशियम बाहेर जायचं थांबतं. आवरणावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. आपली गोळी ग्लुकोजची वाट न बघता ही वाहिनी मिटवते. म्हणून तर गोळी घेऊन उसाच्या फडावर गेलेल्या माणसाचं जेवण चुकलं की त्याला दरदरून घाम फुटतो.

2004 मध्ये अ‍ॅना ग्लॉइन, अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाने दाखवलं, की काही तान्ह्या बाळांच्या मधुमेहात जनुकातल्या बिघाडामुळे हीच वाहिनी मिटत नाही. मग त्यांना जुनीच गोळी देऊन पाहिली. 2006 च्या अभ्यासात अशा 49 पैकी 44 रुग्णांची इन्सुलिनची सुई सुटली.