चिखल, रस्ता आणि नातवाचे टायर

मागच्या रविवारी नातवाचा फोन आला. तो बेल्जियममध्ये गेंटला शिकतो. व्हिडिओवर पाहतो तर कोपराला ही मोठी पट्टी! आमची ही घाबरलीच. "काही नाही गं आजी, सायकलवरून पडलो," म्हणाला आणि मग माझ्याकडे वळला, "आबा, टायर बदलायचेत. तुम्ही एवढी वर्षं सायकल चालवलीत, सांगा ना कुठले घेऊ?"

आता मी जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. पण इतिहासाच्या मास्तराला काहीही विचारा, तो आधी शंभर वर्षं मागे जाणार आणि मगच उत्तर देणार. खोडच ती!

नातवाने तिथे एक जुनी सायक्लोक्रॉस सायकल घेतली आहे. आठवडाभर डांबरी आणि दगडी फरशीच्या रस्त्याने कॉलेजला जायचं, आणि शनिवार-रविवार कालव्याच्या काठाने, रानातल्या चिखलातून भटकायचं. पावसाळी देश म्हणून मित्राच्या सल्ल्याने त्याने चांगले उंच दातांचे, आपण ज्यांना बटन टायर म्हणतो ते बसवले. आणि पडला कुठे? चिखलात नाही, ओल्या डांबरी वळणावर!

सायक्लोक्रॉस हा प्रकार फ्रान्समधला. रस्त्यावरचे शर्यतवीर हिवाळ्यात अंग गरम ठेवायला शेतांतून, ओढ्यांतून सायकली हाकत. डॅनियल गुसो नावाच्या एका फ्रेंच सैनिकाने १९०२ साली याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. ऑक्ताव्ह लापिझ १९०७ मध्ये या खेळातला फ्रान्सचा विजेता झाला आणि १९१० मध्ये त्याने 'टूर द फ्रान्स' जिंकली. तेव्हापासून मोठमोठे सायकलपटू या चिखलाकडे आदराने पाहू लागले. (बिचारा पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विमानातून लढताना गेला.) पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली. मग मात्र हा खेळ बेल्जियमच्या लोकांनी आपलासा केला. त्यांच्या एरिक द व्लामिंकने तो सात वेळा जागतिक पातळीवर जिंकला. म्हणजे आमचे चिरंजीव अगदी पंढरीतच जाऊन पडले म्हणायचे!

या खेळात मला भावलेली गोष्ट वेगळीच आहे. सायकल पुढे जाईना झाली की स्वार खाली उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो आणि धावत सुटतो. यात कमीपणा नाही, तो खेळाचाच भाग आहे. आणि टायर किती रुंद असावा यालाही बंधन आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ३३ मिलिमीटर, बस्स. नुसता टायर रुंद करून चिखल जिंकता येत नाही.

हे वाचलं आणि मला हसूच आलं. १९७६ साली मी बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात नोकरीला लागलो. माझ्या सायकलचे टायर २८ बाय दीड. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! मला त्यांनी शर्यतीत उभंही केलं नसतं. पण खेळ मात्र तोच. काळ्या रानातला चिखल चाकाला धरला की मडगार्डमध्ये गच्च बसायचा, चाक जागचं हलेना. बाभळीच्या काडीने खरवडायचं, चार पावलं जायचं, परत तेच. शेवटी धोतराचा काचा मारलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचा सल्ला, "मास्तर, घ्या खांद्यावर!" त्या चिखलात मी कितीदा तरी उतरलो, पण मला कधी लागलं नाही. खांद्याचं हाड मोडलं ते डांबरी सडकेवर, पहिल्या पावसात, वळण घेताना.

असो. टायरची मूळ कथा सर्वांना ठाऊक आहे. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी १८८८ साली मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. (त्यांच्या आधी थॉमसन या गृहस्थाने १८४५ मध्येच तशा टायरचं पेटंट घेतलं होतं, पण ते लोक विसरून गेले होते.) हवा भरलेला टायर दबतो, जमिनीचा उंचसखलपणा पोटात घेतो, आणि म्हणून धरून राहतो. सगळं मर्म या दबण्यात आहे.

उंच दात मऊ मातीत रुततात. ते विरळ असले की चिखल झडून पडतो, म्हणून चिखलात त्यांच्यासारखे दुसरे नाहीत. पण डांबरात दात रुतणार कशात? तिथे फक्त दातांची टोकं टेकतात, आणि वळणावर तेच दात वाकतात. पावसाळ्यात नक्षी हवीच, असं आपण मोटारीवरून ठरवतो. सायकलचा टायर मुळात अरुंद, तो पाणी बाजूला सारून रस्त्याला भिडतोच. त्याला डांबरावर नक्षीची गरज नाही, रबर जास्तीत जास्त टेकलं पाहिजे.

म्हणून मी नातवाला लिहिलं ते असं: मध्ये बुटके, दाट दात आणि कडेला जरा उंच दात असलेला टायर घे. सरळ रस्त्यावर मधला भाग पळेल, मऊ मातीत कडा धरतील. ३३ ते ३५ मिलिमीटर पुरे, चिखलाला आत जागा राहते. आणि हवेचा पंप जवळ ठेव. रस्त्यावर पन्नास पौंडांच्या आसपास, चिखलात उतरण्याआधी पस्तीसपर्यंत. त्याखाली नको, दगडावर ट्यूब रिमला चेमटून पंक्चर होईल. घरी परतताना हवा पुन्हा भर. कंटाळा करू नकोस.

आणि खरंच खोल चिखल लागला तर? तर उतर. टायर चिखलात हरला तर माणूस उतरतो, रस्त्यावर हरला तर पडतो. म्हणून टायर निवडायचा तो जिथे उतरायला सवड मिळत नाही त्या रस्त्यासाठी. शनिवारच्या चिखलाच्या हौसेने सोमवारचा रस्ता विसरू नये.

काल त्याचं उत्तर आलं. "आबा, टायर बसवले. आजीला सांगा, पट्टी निघाली." खाली एक फोटो. गुडघ्यापर्यंत चिखल आणि सायकल खांद्यावर!