फेलोशिपचा अर्ज: अमेरिकेतील समतेच्या लढ्याचे एक कागदी अंग

अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी मार्टिन ल्यूथर किंग, सीझर चावेझ, रोझा पार्क्स, थरगुड मार्शल अशा नागरी हक्कांच्या लढ्यातील व्यक्तींच्या नावाने फेलोशिप दिल्या जातात. अर्जाला गुणपत्रक, शिफारसपत्रे आणि संशोधनाचा आराखडा जोडावा लागतो. अनेक ठिकाणी एक निबंधही मागतात. समतेसाठी, मागे राहिलेल्यांसाठी आजवर काय केले आणि पदवी हाती आल्यावर काय करणार, हे अर्जदाराने त्यात लिहायचे असते. ही मागणी अलीकडची आहे. त्याआधी कित्येक दशके कृष्णवर्णीय अर्जदाराला निराळीच गोष्ट सिद्ध करावी लागे, ती म्हणजे उच्च शिक्षण पेलण्याची कुवत त्याच्या समाजात आहे ही.

या इतिहासातला पहिला लक्षणीय अर्ज 1890 सालचा आहे. कनेक्टिकटमधील कापड गिरणीमालक जॉन फॉक्स स्लेटर यांनी 1882 मध्ये 10 लाख डॉलर देऊन गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला होता. पैशाचा मुख्य ओघ सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातकाम शिकवणाऱ्या शाळांकडे जाई. निधीचे अध्यक्ष होते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज. 1890 च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या एका वृत्तपत्रात त्यांच्या भाषणाचा वृत्तांत आला. युरोपात शिकायला पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय तरुण मिळाला तर निधी खर्च उचलेल, पण आजवर या लोकांत वक्तृत्वापलीकडे फारसे काही दिसलेले नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या 22 वर्षांच्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी हे वाचले आणि दोन-तीन दिवसांतच हेज यांना पत्र धाडले. आपले शिक्षण, आपली मिळकत आणि अभ्यासाचा विषय त्यांनी त्यात मांडला. पाठोपाठ प्राध्यापकांची शिफारसपत्रेही गेली. उत्तर आले की असा काही बेत आता नाही. ड्यू बॉइस यांनी 1891 च्या मे महिन्यात पुन्हा पत्र लिहिले, आणि या दुसऱ्या पत्राची जात वेगळी आहे. पैसे मिळाले नाहीत याचे दुःख नाही, असे त्यांनी कळवले. पण लायक माणूसच सापडत नाही असे देशभर जाहीर करायचे, आणि माणूस पुढे आला की योजनाच नाही म्हणायचे, यातून एका सबंध समाजाची नाचक्की होते व त्याबद्दल त्या समाजाची माफी मागायला हवी, असा त्यांचा रोख होता. मदत मागणाऱ्याने देणाऱ्याला इतके स्पष्ट सुनावल्याची उदाहरणे कोणत्याही काळात विरळाच. हेज यांनी ते मनाला लावून न घेता पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायला सुचवले. 1892 मध्ये 750 डॉलर मंजूर झाले, त्यांतले निम्मे देणगी आणि निम्मे कर्जाऊ.

ड्यू बॉइस बर्लिनला गेले. निधीने दुसऱ्या वर्षाचे पैसेही दिले, तिसऱ्या वर्षाचे मात्र नाकारले. हेज तोवर वारले होते. त्यांच्या जागी आलेले डॅनियल कॉइट गिलमन यांनी परत येऊन आपल्या लोकांत काम करण्याचा सल्ला दिला. बर्लिनची पदवी हुकली. 1895 मध्ये हार्वर्डची पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

मराठी वाचकाला इथे दुसरा एक विद्यार्थी आठवल्यावाचून राहणार नाही. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. त्यांनाही मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. ड्यू बॉइस आणि आंबेडकर यांच्यात पुढे पत्रव्यवहारही झाला. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निवेदनाची प्रत आंबेडकरांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस यांच्याकडे मागितली. अस्पृश्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे प्रश्न किती सारखे आहेत, याचाही त्या पत्रात उल्लेख होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडच्या राज्यांनी शिष्यवृत्तीचा एक अजब उपयोग शोधून काढला. तिथली सरकारी विद्यापीठे फक्त गोऱ्यांची होती. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत वकिली, वैद्यक किंवा पीएचडीची सोय जवळजवळ नव्हती. मग मिझुरी, मेरीलँड, व्हर्जिनिया, ओक्लाहोमा अशा राज्यांनी कायदे केले: कृष्णवर्णीय पदवीधराला पुढे शिकायचे असेल तर त्याने दुसऱ्या राज्यात जावे, फी सरकार भरेल. वर्णभेद टिकवण्यासाठी सरकारी तिजोरीतून दिलेली ही शिष्यवृत्ती होती. ती घेऊन दक्षिणेतले अनेक शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात शिकून गेले. योजनेचा हेतू काहीही असो, त्यांनी तिचे सोने केले.

लॉइड गेन्स या तरुणाने ही खिरापत नाकारली. मिझुरी विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेशासाठी त्याने 1935 मध्ये अर्ज केला. पदवी कृष्णवर्णीयांच्या लिंकन विद्यापीठाची, म्हणजे अर्जदार कृष्णवर्णीय, हे गुणपत्रकावरून कळताच अर्ज अडकला. आयोवा, कॅन्सस, नेब्रास्का किंवा इलिनॉय यांपैकी कुठेही जा, फी देतो, असे त्याला सांगण्यात आले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने खटला चालवला. 12 डिसेंबर 1938 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जी सोय राज्य गोऱ्यांना आपल्या हद्दीत देते, ती कृष्णवर्णीयांनाही हद्दीतच द्यावी लागेल. शेजाऱ्याची फी भरून जबाबदारी संपत नाही. मिझुरीने घाईघाईने सेंट लुइसमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी महाविद्यालय उघडले. गेन्स मात्र 1939 च्या मार्चमध्ये शिकागोतल्या मुक्कामावरून बाहेर पडला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. मिझुरी विद्यापीठाने 2006 मध्ये त्याला कायद्याची मानद पदवी दिली.

गेन्सच्या निकालानंतर दोनच दिवसांनी, 14 डिसेंबर 1938 या तारखेचे एक पत्र पॉली मरे यांना आले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला होता. छापील अर्जात वंशाचा रकाना होता आणि तो त्यांनी खरा भरला होता. त्यांच्या वंशाच्या लोकांना प्रवेश नाही, असे पत्रात सरळच लिहिले होते. मरे यांचे गुलाममालक गोरे पूर्वज याच विद्यापीठाशी संबंधित होते आणि त्या घराण्याची जमीन मृत्युपत्राने विद्यापीठाला मिळालेली होती. म्हणजे मालमत्ता चालली, वंशज चालले नाहीत.

मरे पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात वकिली शिकल्या आणि 1944 मध्ये वर्गात पहिल्या आल्या. पहिल्या आलेल्याने रोझेनवाल्ड फेलोशिप घेऊन हार्वर्डला जायचे, असा तिथला रिवाज होता. फेलोशिप त्यांना मिळाली. हार्वर्डने मात्र अर्ज परत केला, कारण तिथल्या विधी महाविद्यालयात तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता. हार्वर्डचे माजी विद्यार्थी असलेल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्रानेही काही फरक पडला नाही. एकीकडे वर्ण आड आला, दुसरीकडे स्त्री असणे, आणि दोन्ही नकार लेखी. त्या बर्कलीला गेल्या आणि एलएलएम झाल्या. वर्णावरून वेगळे ठेवणे हेच मुळात घटनाबाह्य आहे, असे त्यांनी हॉवर्डमध्ये शेवटच्या वर्षाच्या निबंधात मांडले होते. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या ब्राउन खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलांच्या तो पुढे उपयोगी पडला.

रोझेनवाल्ड फेलोशिपबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. सिअर्स-रोबक कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा आग्रह होता की मुद्दल जपत बसू नये, ठरावीक काळात सगळा पैसा खर्चून निधी बंद करावा. त्याप्रमाणे 1928 ते 1948 या काळात शेकडो कृष्णवर्णीयांना आणि दक्षिणेतील काही गोऱ्यांनाही फेलोशिप मिळाल्या. चित्रकार जेकब लॉरेन्स, कवी लँगस्टन ह्यूज, मुत्सद्दी राल्फ बंच ही त्यातली काही नावे. देणाऱ्यांची लहरही चाले. झोरा नील हर्स्टन यांना कोलंबियातील पीएचडीसाठी दोन वर्षांचे आश्वासन मिळाले होते, ते काही महिन्यांवर आणले गेले आणि पीएचडी झालीच नाही. याउलट मेमी क्लार्क यांना 1940 मध्ये मिळालेल्या पैशातून त्यांनी आणि केनेथ क्लार्क यांनी लहान मुलांपुढे काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवून प्रयोग केले. वेगळ्या शाळांत शिकणारी कृष्णवर्णीय मुले स्वतःलाच कमी लेखू लागतात, हे त्यांतून दिसले. 1954 च्या ब्राउन निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा दाखला आहे.

नुसत्या प्रवेशाने सारे होत नव्हते, हे ओक्लाहोमात दिसले. तिथे जॉर्ज मॅक्लॉरिन यांना 1948 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शिक्षणशास्त्राच्या डॉक्टरेटला घेतले खरे, पण त्यांचे बाक वर्गालगतच्या खोलीत, ग्रंथालयात टेबल निराळे, उपाहारगृहात जेवणाची वेळ निराळी. सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये हे सारे रद्द केले.

1964 चा नागरी हक्क कायदा झाला, 1968 मध्ये किंग यांची हत्या झाली, आणि विद्यापीठांचा सूर पालटला. ज्यांना दारातून परत पाठवले जाई त्यांना आता शोधून आणायचे होते. फोर्ड फाउंडेशनने साठच्या दशकाअखेरीस कृष्णवर्णीयांसाठी डॉक्टरेट फेलोशिप सुरू केल्या आणि पुढे त्या इतर अल्पसंख्याकांनाही खुल्या केल्या. मिशिगनच्या विधिमंडळाने 1986 मध्ये किंग-चावेझ-पार्क्स योजना आणली. रोझा पार्क्स 1957 पासून डेट्रॉइटमध्ये राहत होत्या, तेव्हा हे नाव घरचेच होते. महाविद्यालयांत शिकवायला अल्पसंख्याक प्राध्यापक फार कमी आहेत, हे या योजनेचे कारण. म्हणून अट अशी की फेलोने पदवी पुरी करून ठरावीक काळ महाविद्यालयात शिकवावे, नाहीतर मिळालेली रक्कम कर्ज धरली जाईल. बडोद्याच्या करारनाम्याशी तिचे नाते जवळचे आहे.

न्यायालये मात्र उलट दिशेने निघाली होती. विद्यापीठप्रवेशाबाबतच्या 1978 च्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यात वंशाच्या आधारे ठरावीक जागा राखून ठेवणे बेकायदा ठरले. वंश हा अनेक मुद्द्यांतला एक मुद्दा म्हणून विचारात घेण्याची मुभा तेवढी उरली. मेरीलँड विद्यापीठाची फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेली बेंजामिन बॅनेकर शिष्यवृत्ती 1994 मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली. ही शिष्यवृत्ती पदवीपूर्व विद्यार्थ्यांची होती, पण तिचा धसका सगळ्यांनीच घेतला. मिशिगनमध्ये 2006 साली मतदारांनी सरकारी संस्थांतील वंशाधारित प्राधान्यावर बंदी घातली. किंग-चावेझ-पार्क्स फेलोशिप त्यानंतरही चालू राहिली, पण निकष शैक्षणिक किंवा आर्थिक मागासलेपणाचा झाला. फोर्डनेही सर्व वंशांच्या अर्जदारांना दार उघडले आणि वैविध्याबद्दलची बांधिलकी कामातून दाखवा, अशी अट घातली. 2022 मध्ये फोर्डने हा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले.

निबंध अर्जाच्या मध्यभागी आला तो असा. वंशाचा रकाना जसजसा निरुपयोगी झाला, तसतसे निवड समितीला जे जाणून घ्यायचे ते निबंधातून विचारले जाऊ लागले: घरात पहिल्यांदा महाविद्यालयात कोण गेले, वस्तीत कोणते काम केले, संशोधनाचा उपयोग कुणाला होईल. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या वंशसापेक्ष प्रवेशपद्धती रद्द केल्या. नॉर्थ कॅरोलिना म्हणजे मरे यांना नाकारणारे तेच विद्यापीठ, आणि आता तक्रार उलट बाजूने होती. वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदार निबंधात लिहू शकतो, मात्र त्याचे मोल त्याच्या धैर्यासाठी किंवा नेतृत्वासाठी व्हावे, वंशासाठी नव्हे, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात नमूद केले. निबंधाच्या आडून जुनी पद्धत पुन्हा आणू नये, असेही त्यांनी बजावले. तेव्हापासून अनेक विद्यापीठांनी अशा फेलोशिपची नावे आणि पात्रतेच्या अटी नव्याने लिहायला घेतल्या आहेत.