आकडा : भावाच्या शेवटच्या अंकाची गोष्ट

मुंबईच्या जुगारबंदी कायद्यात (मूळ कायदा १८८७ चा, पुढे त्यात भर पडत गेली) जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या मोठी मनोरंजक आहे. कापूस, अफू यांच्या बाजारभावावर पैज, पाऊस पडेल की नाही यावर पैज, पाऊस किती पडेल यावर पैज, असे प्रकार तीत एकेक करून मोजले आहेत. त्यातच भाव किंवा पाऊस सांगणाऱ्या संख्येतील अंकांवरील पैजही वेगळी नोंदवली आहे. संख्येचा उल्लेख झाल्यावर तिच्या अंकांचा निराळा उल्लेख कशासाठी?

पावसावर पैज लावणारा निदान आभाळाकडे पाहतो. वारा, ढग, गेल्या चार दिवसांचा अनुभव यांचा त्याला थोडा तरी उपयोग होतो. अमेरिकेत अलीकडे बास्केटबॉल सामन्याच्या पूर्वार्धात दोन्ही संघांचे मिळून अमुक गुणांहून अधिक होतील काय, यावर करार विकले जातात. अंदाज खरा ठरला तर करारामागे एक डॉलर मिळतो. असा करार ५५ सेंटला विकला जात असेल, तर बाजाराच्या मते ती शक्यता सुमारे ५५ टक्के आहे. कोणता खेळाडू जखमी आहे, कोणता संघ वेगाने खेळतो, ही माहिती त्या किमतीत मुरलेली असते. (याला जुगार म्हणायचे की नाही, हा वाद वेगळा.)

कापसाच्या भावातही अशीच माहिती असते: पीक, युद्ध, गिरण्यांची मागणी. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडता आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईत येई. तो सेंटच्या शंभराव्या भागापर्यंत सांगितला जाई. पैज लागे ती मात्र त्याच्या शेपटाच्या अंकांवर. भाव ३३ सेंटच्या आसपास राहील हे जाणकार सांगू शके, पण शेवटी ४ येईल की ७, हे कोणीच सांगू शकत नसे. व्हर्नियरवरचा शेवटचा अंक जसा दर वाचनाला हलतो, तसेच हे. संख्येतील सारे ज्ञान पुढच्या अंकांत असते, आणि पैजेसाठी निवडला गेला तो ज्ञान नसलेला अंक. त्यामुळे व्यापारी आणि परळच्या गिरणीतला बदली कामगार एका पातळीवर आले.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीस न्यूयॉर्कचे भाव येणे थांबले. पण ज्या अंकात माहितीच नाही, त्यासाठी न्यूयॉर्क हवे कशाला? १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे 'मटका' सुरू केला. राजा, राणी, गुलाम काढून उरलेल्या ४० पत्त्यांतून तीन काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक घ्यायचा. हाच 'आकडा'. रोज दोनदा, ओपन आणि क्लोज. नावेसुद्धा कापूसबाजाराचीच राहिली.

पत्ते प्रामाणिकपणे पिसले, असे धरून चालू. मग दहाही आकड्यांची शक्यता सारखी असते काय? निघालेल्या प्रत्येक पत्त्याच्या जागी पुढचा पत्ता ठेवा: एक्क्याच्या जागी दुर्री, नव्वीच्या जागी दश्शी, दश्शीच्या जागी एक्का. ही नवी तिकडीही मूळच्या इतकीच संभवनीय, पण तिचा आकडा तीनने पुढे गेलेला. म्हणजे ० ची शक्यता ३ इतकी, ३ ची ६ इतकी, पुढे ९, २, ५, ८, १, ४, ७. साखळी दहाही अंकांना शिवते. शक्यता नेमकी दहात एक. गणित सुंदर आहे. ते कशासाठी वापरले गेले, याचे मात्र वाईट वाटते.

कारण आकडा लागला तर साधारणपणे रुपयाला नऊ रुपये मिळत. म्हणजे लावलेल्या रुपयातले सरासरी नव्वद पैसे परत. जिंकलेले पुन्हा लावत राहिले, तर शंभराचे सात फेऱ्यांत सरासरीने ४८ उरतात. पगाराच्या रात्रीनंतर लालबागच्या चाळींत हा हिशेब कोणी मांडत नव्हते, असे नाही. गृहिणी मांडत होत्या. पण लावणाऱ्याचा भरवसा तक्त्यावर असे: 'सात आठवडाभर आला नाही, आता फुटणारच!'

आठवड्याचे सहा दिवस धरले तर बारा आकडे फुटतात. एखादा ठरावीक आकडा त्यांत एकदाही न येण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे सुमारे २८ टक्के. आकडे दहा, तेव्हा दर आठवड्याला सरासरी जवळजवळ तीन आकडे गैरहजर राहणारच. 'थकलेला' आकडा नेहमीच हाताशी असतो. आणि पत्त्यांना मागचा आठवडा आठवत नाही.

वर्गात हे जरूर करून पाहा, पैशांशिवाय. प्रत्येक गटाने तीन पत्ते काढून आकडा लिहावा, पत्ते परत मिसळून पिसावेत, असे बारा वेळा. न आलेले आकडे फळ्यावर मांडा. तेराव्या खेपेआधी मुलांना विचारा, आता कोणता येईल? त्यांची उत्तरे लिहून ठेवा आणि मगच पत्ते काढा.