टेकडीवर भरणारे न्यायालय : नागरिकत्वाच्या शपथविधीच्या अभ्यासाची प्रस्तावना

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्सव्हिल गावाजवळच्या एका टेकडीवर, चार जुलैला न्यायालय भरते. ही प्रथा १९६३ पासूनची आहे. टेकडीवरच्या घराचे नाव माँटिचेलो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि त्या देशाचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याचे हे राहते घर. या घराची पश्चिमेकडची, खांबांची आणि घुमटाची बाजू अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३८ पासून उमटत आली आहे. त्याच बाजूला पायऱ्यांपुढे हिरवळीवर खुर्च्या मांडल्या जातात. पुकारा होतो, सगळे उठून उभे राहतात आणि न्यायाधीश स्थानापन्न होतात. हा केवळ समारंभ नसतो. संघीय जिल्हा न्यायालयाचे ते रीतसर, कामकाजाच्या नोंदीत जाणारे अधिवेशन असते. निरनिराळ्या देशांतून आलेली माणसे उजवा हात वर करून शपथ घेतात आणि ती संपताक्षणी अमेरिकेची नागरिक होतात. त्यानंतर नव्या नागरिकांना ध्वनिक्षेपकापाशी येऊन चार शब्द बोलता येतात. २००८ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश येथे पाहुणे होते. पण ज्यांना या विषयाचा अभ्यास करायचा आहे त्यांनी पाहुण्यांच्या भाषणापेक्षा या चार शब्दांकडे कान द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

नागरिकत्वावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक कायद्याच्या कलमांवर आणि राजकारणावर. शपथविधीकडे अभ्यासक शोभेची बाब म्हणून पाहत आले. हा दृष्टिकोन मुळातच चुकीचा आहे. अमेरिकी कायद्यात अर्ज मंजूर झाला, मुलाखत झाली, इंग्रजीची आणि इतिहासाची परीक्षा उत्तीर्ण झाली, तरी माणूस नागरिक होत नाही. शपथ घेईपर्यंत तो परकाच असतो. आर्नॉल्ड व्हान गेनेप या विद्वानाने १९०९ मध्ये संस्कारविधींवरचा आपला ग्रंथ लिहिला आणि माणूस एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना मधल्या उंबरठ्यावर कसा थांबतो, हे दाखवले. पुढे व्हिक्टर टर्नरने त्या उंबरठ्याचाच सखोल विचार केला. मराठी वाचकाला हे समजायला ग्रंथ उघडावा लागत नाही. अंतरपाट धरलेला असतो तोवर समोरासमोर उभे असलेले दोघे कोण असतात, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे.

म्हणून या अभ्यासात शिरताना पहिल्यांदा विधीचा तपशील बारकाईने पाहावा. सोहळ्याच्या जागी आल्यावर अर्जदार आपले ग्रीन कार्ड परत करतो. वर्षानुवर्षे पाकिटात जपलेले, विमानतळावर दहा वेळा चाचपून पाहिलेले ते कार्ड टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याच्या हाती जाते. शपथ मात्र अजून व्हायची असते. ज्याला नाव बदलायचे असेल त्याला ते न्यायालयासमोरच्या सोहळ्यात बदलून मिळते, कारण तो अधिकार न्यायाधीशाचा आहे. आपल्यासारख्या, मधल्या जागी वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव लावणाऱ्या लोकांसाठी ही बाब किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकी फॉर्मच्या रकान्यांत न मावणारे नाव वर्षानुवर्षे कसेबसे कोंबत आलेला माणूस त्या दिवशी ठरवू शकतो की यापुढे आपल्याला काय म्हणून हाक मारली जावी.

शपथेचा गाभा १७९५ च्या कायद्यापासून चालत आलेला आहे. त्यात आधीच्या राजाशी, सत्ताधीशाशी किंवा राज्याशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडण्याचे वचन आहे. भारतीय माणसासाठी या वचनाला आणखी एक कायदेशीर धार आहे. आपल्या संविधानाचे नववे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचेही नववेच कलम सांगते की स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व संपते. त्यासाठी कोणा भारतीय अधिकाऱ्याने तिथे हजर असावे लागत नाही. पासपोर्ट रद्द करून घेणे आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळवणे हे कागदी सोपस्कार मागाहून होतात. माणसाचे भारतीय नागरिकत्व मात्र त्या हिरवळीवर, शपथ पुरी होतानाच, सुटलेले असते. आनंदाचे आणि तुटण्याचे दोन्ही अश्रू एकाच चेहऱ्यावर दिसतात ते यामुळेच, आणि अभ्यासकाने त्यांतला एकच निवडून लिहू नये.

आता जागेकडे वळू. जाहीरनामा माँटिचेलोत लिहिला गेला नाही. जेफरसनने तो फिलाडेल्फियात भाड्याच्या खोल्यांत लिहिला. तरीही हा सोहळा आणि तो मजकूर यांचे नाते वरवरचे नाही. इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींच्या यादीत, परदेशातून येणाऱ्यांना नागरिक करून घेण्याच्या कायद्यांत राजाने अडथळे आणले, अशी एक तक्रार स्पष्टपणे नोंदलेली आहे. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आपले म्हणण्याचा प्रश्न या देशाच्या जन्मपत्रिकेतच आहे. १७९८ मध्ये जेफरसनच्या विरोधातल्या, तेव्हा सत्तेवर असलेल्या पक्षाने नागरिकत्वासाठी चौदा वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. जेफरसन अध्यक्ष असताना १८०२ मध्ये ती पुन्हा पाच वर्षांवर आली आणि आजही सर्वसाधारण अर्जदाराला तीच लागू आहे. मात्र याच जेफरसनने व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात, राजेशाहीत वाढलेले लोक लोंढ्याने आले तर प्रजासत्ताकाचे काय होईल, अशी धास्तीही व्यक्त केली होती. दोन्ही जेफरसन खरे आहेत.

आणि तिसराही. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांना गुलाम म्हणून बाळगले. ज्या घराच्या पायऱ्यांपुढे शपथ होते त्याच्या एका अंगाला मलबेरी रो ही त्यांच्या कामाची आणि राहण्याची वस्ती होती. तिथल्या खिळ्यांच्या कारखान्यात दहा-बारा वर्षांची मुले घणाखाली राबत. जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, वारला. त्याच्या मृत्युपत्रात एक मजकूर आहे, जो या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने मुळातून वाचावा. त्याने पाच गुलामांना मुक्त केले आणि त्यांना व्हर्जिनियातच राहू द्यावे अशी विनंती राज्याच्या विधिमंडळाला केली. ही विनंती का करावी लागली? कारण १८०६ च्या कायद्यानुसार मुक्त झालेल्या गुलामाने वर्षाच्या आत राज्य सोडायचे होते. जिथे जन्मले, जिथे बायकामुले होती, तिथे राहण्यासाठी परवानगी हवी होती. आज ज्याला आपण वास्तव्याचा हक्क म्हणतो तो त्या टेकडीवर कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे त्या एका वाक्यातून कळते.

त्या पाचांतला एक जोसेफ फॉसेट, लोहार. तो सुटला, पण त्याची बायको एडिथ आणि मुले सुटली नाहीत. जेफरसनवर लाखभर डॉलरचे कर्ज होते आणि जानेवारी १८२७ मध्ये याच टेकडीवर सुमारे १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. जोसेफने पुढे कष्टाने बायकोला आणि काही मुलांना विकत घेऊन सोडवले. अकरा वर्षांचा मुलगा पीटर मात्र दुसऱ्या मालकाकडे गेला. त्याला सुटका मिळायला १८५० उजाडले. पुढे तो सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला, पळून येणाऱ्या गुलामांना त्याने मदत केली आणि १९०० मध्ये, म्हातारपणी, तो माँटिचेलो पाहायला परत आला. माझ्या मते पीटर फॉसेटचे चरित्र हा नागरिकत्वाच्या अभ्यासाचा पाया आहे, तळटीप नव्हे.

हे सारे बराच काळ तिथे येणाऱ्यांना सांगितले जात नव्हते. १९९३ मध्ये माँटिचेलोच्या गुलाम कुटुंबांच्या वंशजांच्या आठवणी जमवण्याचा प्रकल्प सुरू झाला. इतिहासकार ॲनेट गॉर्डन-रीड यांनी जेफरसनच्या गुलामांपैकी एक असलेल्या सॅली हेमिंग्जच्या कुटुंबाचा इतिहास पुराव्यांनिशी उभा केला. २००० मध्ये माँटिचेलो चालवणाऱ्या संस्थेनेच, सॅलीच्या मुलांचा बाप जेफरसन असण्याची दाट शक्यता मान्य केली आणि २०१८ पासून सॅलीची कहाणी सांगणारे दालन तिथे खुले आहे. अशा घरापुढे शपथ घ्यावी का, हा प्रश्न विचारला जातो. माझे उत्तर स्वच्छ होकारार्थी आहे. नव्या नागरिकाच्या वाट्याला देशाचा फक्त उजळ भाग येत नाही. सगळा देश येतो, कर्जासकट.

पहिल्या सोहळ्याचे १९६३ हे सालही ध्यानात घ्यावे. त्याच व्हर्जिनियात, प्रिन्स एडवर्ड परगण्यात, काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र बसवावे लागू नये म्हणून सरकारी शाळा १९५९ पासून बंद ठेवल्या होत्या आणि त्या उन्हाळ्यातही बंदच होत्या. टेकडीवर परदेशी माणसे समान नागरिक होत असताना तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर देशात जन्मलेली मुले शाळेबाहेर होती.

भारतीयांसाठी तर हे दार फार उशिरा उघडले. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसांपुरते ठेवले होते. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. भारतीय कोणत्या रकान्यात बसतात? मुंबईचे पारशी भिकाजी बालसारा यांना १९१० मध्ये न्यायालयाने गोरे मानले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने नाकारले, जरी ते पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांच्या बाजूने उच्चवर्णीय आणि आर्य असल्याचा युक्तिवाद केला गेला होता. जातीचा अभिमान साता समुद्रापार न्यायालयात पुरावा म्हणून मांडला गेला, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनी डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजे. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा सरकारने प्रयत्न केला. ते स्वतःसाठी लढले आणि जिंकले. २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्याने भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली, पण स्थलांतराचा कोटा वर्षाला शंभराचा. वंशाची अट सरसकट गेली ती १९५२ मध्ये. माँटिचेलोतला पहिला सोहळा त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी झाला.

इतर देशांशी तुलना करणाऱ्याला भरपूर वाव आहे. कॅनडात पहिला सोहळा जानेवारी १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाला आणि पहिले प्रमाणपत्र खुद्द पंतप्रधानांनी घेतले. ऑस्ट्रेलियात २६ जानेवारीला असे सोहळे होतात आणि तोच दिवस तिथल्या मूळ रहिवाशांसाठी भूमी गमावल्याचा आहे. ब्रिटनमध्ये तर २००४ पर्यंत असा सोहळाच नव्हता. गोव्याचे उदाहरण अगदी उलट टोकाचे: १९६२ च्या एका आदेशाने तिथली जनता २० डिसेंबर १९६१ पासून भारताची नागरिक ठरली, कोणी हात वर केला नाही, कोणी शपथ घेतली नाही. विधीशिवाय आलेले नागरिकत्व माणसे मनात कसे मुरवतात, यावर गोव्यात बसून लिहिण्यासारखे खूप आहे.

या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याचे मनापासून स्वागत. सुरुवात शपथेच्या मजकुरापासून करावी, मग थिंड खटल्याचा निकाल, मग जेफरसनचे मृत्युपत्र. तिन्ही कागद छोटे आहेत. त्यानंतर मात्र ग्रंथालयातून उठावे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास येथील मराठी घरांत शपथेच्या दिवशीचे फोटो, रद्द झालेले निळे पासपोर्ट आणि आईवडिलांना लिहिलेली पत्रे आहेत. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेली पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्यायचे काम मराठीतच व्हायला हवे, कारण त्या दिवशी घरी फोन लावून ते जे बोलले ते मराठीत बोलले होते.