गोमटेश्वराचा शिल्पकार

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर भगवान बाहुबलींच्या चरणांशी कोरलेला मराठी लेख हा आपणां सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. एके काळी तो मराठीतील आद्य शिलालेख गणला जाई. पुढे तो मान अक्षीच्या इ. स. १०१२ च्या लेखाकडे गेला. त्यातील ‘करवियले’ हे क्रियापद मात्र थांबून वाचण्याजोगे आहे. चामुंडरायांनी मूर्ती करविली, गंगराजांनी पुढे भोवतालचा प्राकार करविला. प्रत्यक्ष केले कोणी, हे लेख सांगत नाही.

परंपरेने त्या शिल्पकारास अरिष्टनेमी हे नाव दिले आहे. गंगनरेश राचमल्लाचे मंत्री चामुंडराय यांनी मातोश्री काललदेवींच्या दर्शनेच्छेखातर हे कार्य योजिले. कथा अशी की, तासून निघालेल्या दगडाच्या भारोभार सोने अशी मजुरी ठरली. व्यवहार म्हणून त्यात वावगे काहीच नव्हते. श्रमाचे मोल मागण्यात कमीपणा कसला? परंतु सोने घरी नेताच शिल्पकाराचे हात त्यालाच चिकटून बसले. एक पुत्र मातेसाठी सोने सोडतो आहे आणि दुसरा त्यालाच धरून बसला आहे, हे त्याच्या वृद्ध आईने दाखवून दिले. हात सुटले, सोने परत गेले आणि उरलेले काम त्याने निरपेक्ष बुद्धीने पुरे केले.

ही दंतकथाच होय. पण पाषाणाकडे पाहिले म्हणजे तिचे मर्म उमगते. इ. स. ९८१ च्या सुमारास डोंगरमाथ्यावरील अखंड ग्रॅनाइटमधून, जागच्या जागी, सुमारे ५७ फूट उंचीची ही मूर्ती घडली. मांड्यांच्या वर तिला पाठीमागून आधार नाही. खाली वारुळे, सर्प आणि अंगावर चढत गेलेल्या वेली. ओठांवरील मंद स्मितापाशी छिन्नी जराशी खोल गेली असती, तर बदलून घ्यायला दुसरा डोंगर नव्हता. भारावर मजुरी घेणाऱ्याचा लाभ अधिक दगड काढण्यात असतो. मूर्तिकाराची सारी परीक्षा किती दगड ठेवावा यात असते. अरिष्टनेमीला आपली कला गवसली ती या ठिकाणी, असे म्हणावेसे वाटते.

पुढे कारकळ (१४३२) व वेणूर (१६०४) येथेही बाहुबली उभे राहिले. धर्मस्थळची ३९ फुटांची मूर्ती कारकळ येथे घडवून १९७३ मध्ये तेथे नेण्यात आली व १९८२ मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. तिच्या शिल्पकाराचे नाव मात्र सर्वांना ठाऊक आहे: रेंजाळ गोपाळकृष्ण शेणै.