अळणी पासवर्ड

मागच्या दिवाळीत फराळाचे डबे मागवायला एका संकेतस्थळावर गेलो. खातं जुनं होतं, पासवर्ड आठवेना. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर बोट टेकवलं आणि मिनिटभरात ई-मेल आली. तिच्यात माझाच पासवर्ड होता, अक्षर न अक्षर बरोबर. बायको म्हणाली, “किती तत्पर आहेत नाही!” माझ्या पोटात मात्र गोळा आला. ज्याला माझा पासवर्ड मला सांगता येतो, त्याने तो कुठेतरी जसाच्या तसा लिहून ठेवलेला असणार. पहारेकऱ्याने परवलीचा शब्द ओळखावा, पण तो त्याच्याजवळ असू नये, ही विचित्र वाटणारी गोष्ट संगणकवाले पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी शिकले. शिकले ते ठेचा खात.

पहिली ठेच अमेरिकेतल्या एमआयटीत. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक नवी व्यवस्था चालवून दाखवली. यंत्र एकच, पण अनेकांनी आपापल्या टर्मिनलवर बसून ते एकाच वेळी वापरायचं. चाळीत बिऱ्हाडं वाढली की दाराला कड्या येतात. इथेही एकाच्या फायली दुसऱ्याने चाळू नयेत म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. आणि या सगळ्या कड्यांच्या किल्ल्या एकाच खुंटीवर टांगलेल्या: सर्वांचे पासवर्ड एका फायलीत, उघडेवाघडे.

ॲलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला यंत्राचे चारच तास मिळायचे. संशोधनाला ते पुरेनात. १९६२ साली एका शुक्रवारी रात्री त्याने फाइल छापून मिळण्यासाठीचं कार्ड रीतसर भरून ठेवलं. कार्डावर नाव होतं पासवर्डच्या फायलीचं. शनिवारी सकाळी छापील यादी हातात! मग काय, यंत्र वापरायचं ते कधी याच्या नावाने, कधी त्याच्या. ही चोरी शेरनेच पुढे कित्येक वर्षांनी हसत हसत कबूल केली. यादी त्याने एकट्यानेच वापरली असंही नाही. दोष एकट्याच्या माथी येऊ नये म्हणून इतरांनाही वाटली.

तिथलीच १९६६ सालची फजिती तर चोराशिवायच झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते. एक होती पासवर्डची आणि दुसरी रोज सर्वांना दिसणाऱ्या निरोपाची. संपादनाच्या प्रोग्रॅमने दोघांच्या कच्च्या प्रतींना एकच नाव दिलं आणि फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कुणी यंत्रावर आला, त्याच्या स्वागताला सगळ्यांचे पासवर्ड. एका शहाण्याने ते पाहताच यंत्र जागच्या जागी अडकेल असा हुकूम सोडला, म्हणून बरं. हे घडलं शुक्रवारी संध्याकाळी पाचला. तिथले प्रोग्रॅमर टॉम व्हॅन व्लेक यांना सगळ्यांचे पासवर्ड बदलत कित्येक तास बसावं लागलं. कुणाची नियत वाईट नव्हती, कुलूपही कुणी फोडलं नव्हतं. यादी होती, एवढाच गुन्हा.

यादीच ठेवायची नाही, ही युक्ती निघाली इंग्लंडात. केंब्रिजला टायटन नावाच्या संगणकावर काम करताना रॉजर नीडहॅम यांनी पासवर्ड साठवण्याआधी वाटून टाकायचं ठरवलं. ‘वाटून’ हा शब्द माझा, पण पाटा-वरवंट्याइतकं चपखल मला दुसरं काही सुचत नाही. लसूण, खोबरं, मिरची वाटली की चटणी होते. चटणीतून खोबऱ्याचा तुकडा परत निघत नाही. पासवर्डवर असं गणित करायचं की पुढे जाणं सोपं, मागे येणं जवळजवळ अशक्य. फायलीत ठेवायची फक्त चटणी. तुम्ही पुन्हा आलात, पासवर्ड टाकलात की तो तसाच वाटायचा आणि दोन चटण्या ताडून पाहायच्या. जुळल्या तर या आत. यंत्राने तुम्हाला ओळखलं, पण तुमचा शब्द त्याच्याजवळ कुठेच उरला नाही. केंब्रिजच्याच मॉरिस विल्क्स यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना नीडहॅम यांच्या नावाने नोंदवली.

आता गोष्ट संपायला हवी होती. पण तितक्यात बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी चोराच्या बाजूने विचार केला. युनिक्स ही त्यांच्या घरची प्रणाली. तिच्यात वाटलेल्या पासवर्डची फाइल कुणालाही वाचता येई. लपवायचं कशाला, चटणीच तर आहे! पण लोक पासवर्ड ठेवतात कसले, हे दोघांनी तपासलं. ३,२८९ पासवर्ड गोळा केले. त्यांतले १५ एकाच अक्षराचे निघाले, ७२ दोन अक्षरांचे. बाकीच्यांतले कितीतरी शब्दकोशात किंवा नावांच्या याद्यांत सापडणारे. एकूण ८६ टक्के पासवर्ड सहज हाती लागण्याजोगे होते. चोराला चटणीतून खोबरं काढायची गरजच नव्हती. त्याने अख्खा शब्दकोश घरी बसून एकदाच वाटायचा आणि त्या चटण्या फायलीतल्या सगळ्यांच्या चटण्यांशी ताडत सुटायचं.

यावर त्यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात जे दोन इलाज सांगितले, ते मला आजही वाचताना लखलखीत वाटतात.

पहिला: वाटणं मुद्दाम संथ करा. आधीची पद्धत दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्कराच्या सांकेतिक यंत्राची नक्कल होती आणि तिची खोड एकच, ती फार झपाट्याने चाले. म्हणून त्यांनी डीईएस हे नवं सांकेतिक गणित घेतलं आणि तेही एकदा नाही, लागोपाठ पंचवीस वेळा फिरवलं. दारात उभ्या माणसाला क्षणभराचा उशीर कळतही नाही. लाखो शब्द वाटत बसलेल्या चोराचा मात्र जन्म जातो. बाकी सगळं संगणकशास्त्र वेगामागे धावत असताना इथे मंदपणा हा गुण ठरला.

दुसरा इलाज म्हणजे मीठ. खरोखर हाच शब्द त्यांनी वापरला. पासवर्ड ठरवला जाई तेव्हा यंत्र आपल्या मनाने १२ बिटांचा एक आकडा उचलून त्यात टाकी आणि मग वाटी. असे आकडे ४,०९६. म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला, तरी चटणी बहुधा वेगळी. शब्दकोश एकदाच वाटून भागेना. प्रत्येक मिठासाठी तो नव्याने वाटा. गंमत अशी की मीठ गुप्त नसतं. ते चटणीशेजारीच लिहून ठेवलेलं असतं, चोरालाही दिसतं. त्याचं काम लपणं हे नाहीच, चोराची घाऊक मजुरी किरकोळ करून टाकणं हे आहे. शिवाय त्यांनी मिठाने डीईएसच्या आतली मांडणीच थोडी बदलली, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या डीईएसच्या वेगवान चिप या कामाला निरुपयोगी ठरल्या.

मीठ टाकलं तरी नासका शब्द नासकाच. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक किडा सुटला. इतर वाटांबरोबर तो पासवर्ड ओळखूनही आत शिरे. त्यासाठी त्याच्या पोटात ४३२ शब्दांची यादी होती. तो सोडणारा कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस, निबंधवाल्या मॉरिस यांचा मुलगा. वडील तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक-सुरक्षेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. कादंबरीकाराने हे लिहिलं असतं, तर आपण ‘ओढूनताणून जमवलंय’ म्हणालो असतो.

पुढची वाट सरळ आहे. यंत्रं वेगवान झाली, पंचवीस फेरे कमी पडू लागले. १९९९ साली नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझियर्स यांनी बीक्रिप्ट आणलं. त्यात मीठ भरपूर आणि संथपणा हवा तसा वाढवण्याची सोय. ते फुकट आहे. प्रोग्रॅमरला चार ओळी लिहाव्या लागतात.

तरीही २००९ साली रॉकयू या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड बाहेर पडले, ते न वाटलेले, सगळे कच्चे. २०१२ साली लिंक्डइनचे फुटले, ते वाटलेले होते पण मिठाशिवाय. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा कायद्यात, माहिती जपायची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फराळवाल्यांना मी पत्र लिहिलं. उत्तरादाखल दहा टक्के सवलतीचं कूपन आलं.

आणि केन थॉम्पसन? १९८० च्या सुमाराची युनिक्सची एक जुनी पासवर्ड फाइल हौशी लोकांच्या हाती लागली. तिच्यात खुद्द थॉम्पसन यांची चटणी होती, मिठासकट. इतर बहुतेकांचे पासवर्ड पटापट उलगडले. त्यांचा उलगडायला २०१९ उजाडलं आणि तेव्हाही आधुनिक ग्राफिक्स कार्ड चार दिवसांहून जास्त राबवावं लागलं. बुद्धिबळ खेळणारं बेल हे यंत्र बांधणाऱ्या या माणसाचा पासवर्ड होता बुद्धिबळातली एक खेळी: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, शेवटी उद्गारचिन्ह. बातमी कळल्यावर थॉम्पसन यांनी एका शब्दात उत्तर पाठवलं: अभिनंदन.