घर रयतेचे, जागा मालगुजाराची

गोंदिया शहराला भिडलेल्या कुडव्यात आज प्लॉट, रजिस्ट्री आणि भाडेचिठ्ठी हे शब्द सर्वतोमुखी असले, तरी हे गाव १ मे १९९९ पर्यंत ज्या भंडारा जिल्ह्यात मोडत होते, तेथील मालगुजारी खेड्यांत घराचे स्वामित्व आणि घराखालच्या भूमीचे स्वामित्व या दोन भिन्न गोष्टी होत्या.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाल्यावर, पूर्वी वसुलीचा मक्ता सांभाळणाऱ्या पाटलांना इंग्रज सरकारने जमीन महसुलाच्या बंदोबस्तात मालकी बहाल करून मालगुजार बनविले, आणि शिवाराबरोबर गावाची आबादी, म्हणजे वस्तीची जागाही त्यांच्या नावे लागली. माती, लाकूड आणि कवेलू यांचे घर रयतेने उभारावे, जागा मात्र मालगुजाराची, असा हा व्यवहार होता. गावोगावचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या रिवाजपत्रकात नमूद होत. तथापि शेती कसणाऱ्यास आबादीत घरापुरती जागा मिळण्याचा अधिकार १९१७ च्या मध्यप्रांत जमीन महसूल कायद्याने मान्य केला होता, हे विसरून चालणार नाही.

भाडेकरू हा वर्ग या परिसरात वाढविला तो रेल्वेने. बंगाल-नागपूर रेल्वेवरील गोंदियाला विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरचा नॅरोगेज फाटा मिळाला, धान आणि विडीचा व्यापार वाढला, आणि बाहेरून आलेल्या नोकरदार-कामगारांना बिऱ्हाडाची गरज भासू लागली. महायुद्धोत्तर घरटंचाईत १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश निघाला. त्यान्वये कंट्रोलरच्या लेखी परवानगीवाचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येईना. पुढे विदर्भ मुंबई राज्यात व नंतर महाराष्ट्रात आला, तरी हा आदेश ३१ मार्च २००० रोजी नवा भाडेनियंत्रण कायदा अमलात येईपर्यंत टिकला.

दरम्यान ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली, आणि ज्याच्या ताब्यात घर, त्याच्याकडेच घराखालची जागा सरकारने कायम केली. त्यानंतर शहर पसरत गेले, तसे त्याच्या सीमेवरील शेत अकृषक होऊन विकले जाऊ लागले आणि घराच्या जागेला बाजारभाव आला.

या परिवर्तनाने रयतेला मालगुजाराच्या मर्जीतून मुक्त केले, हे निर्विवाद. परंतु कसणाऱ्याला कसण्याच्या नात्याने लाभणारी जागा आता केवळ पैसे मोजणाऱ्यालाच लाभते. मालकी निर्वेध झाली, पण निर्धनाला ती पूर्वीपेक्षा दुर्लभही झाली.